सहा हजारांचा माऊस : आकर्षण किती, भरवसा किती?

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीतील प्रसंग. बेंगळूरुच्या आमच्या शाखेत नियमाने येणारे एक निवृत्त ठेवीदार काउंटरवरील काम आटोपून माझ्या टेबलापाशी येऊन बसले. मूळचे बेळगावचे, मराठी बोलण्याची संधी मिळाली की रेंगाळणारे. त्यांच्या सोळा वर्षांच्या नातवाने संगणकासाठी एका विशिष्ट माऊसची मागणी केली होती. किंमत सहा हजार रुपये आणि आजोबांच्या क्रेडिट कार्डावर बारा ‘विनाखर्च’ हप्ते. माझ्या टेबलावरील माऊसकडे बोट दाखवून त्यांनी विचारले, “हा कितीचा?” मी म्हणालो, “तीनशे-साडेतीनशेचा असेल.” त्यावर ते म्हणाले, “मग सहा हजारांच्या उंदरावर काय साक्षात गणपती बसून येतो का हो, साहेब?”

प्रश्न विनोदाने विचारलेला असला तरी तो निव्वळ विनोदाचा नव्हता. निवृत्तिवेतनातून सहा हजार रुपये खर्च करणाऱ्याला त्या पैशांच्या बदल्यात काय मिळते आणि ते किती काळ टिकते, हे कळलेच पाहिजे. आज अनेक घरांत हाच प्रश्न उभा राहत असल्याने त्याची थोडी सविस्तर उकल करण्याचा हा प्रयत्न.

लाकडी ठोकळ्यापासून सुरुवात

माऊसचा जन्म खेळासाठी झालेला नाही. अमेरिकेतील संशोधक डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेतून १९६० च्या दशकात तो साकारला. त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी तयार केलेला पहिला नमुना म्हणजे दोन चाके बसविलेला एक लाकडी ठोकळा होता. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे एंगेलबार्ट यांनी त्याचे जाहीर प्रात्यक्षिक दाखविले आणि १९७० मध्ये त्यांना त्याचे पेटंट मिळाले. पुढे चाकांच्या जागी रबरी गोळी आली आणि १९९९ च्या सुमारास गोळीची जागा प्रकाशाने घेतली. माऊसच्या तळाशी असलेला चिमुकला कॅमेरा पृष्ठभागाची छायाचित्रे सेकंदाला हजारोंच्या संख्येने टिपतो आणि त्यांची तुलना करून हात किती व कोठे सरकला हे ठरवितो. खास खेळाडूंसाठी म्हणून विकला गेलेला ‘रेझर बूमस्लँग’ हा माऊसही त्याच वर्षीचा.

कंट्रोलरचा, म्हणजे दोन्ही हातांत धरावयाच्या खेळनियंत्रकाचा, वंश निराळा. जपानच्या निन्टेन्डो कंपनीतील गुन्पेई योकोई यांनी १९८२ मध्ये अंगठ्याने चार दिशांना दाबता येणारे अधिक चिन्हाच्या आकाराचे बटण आणले. १९९६ मध्ये ‘निन्टेन्डो ६४’ या यंत्राबरोबर अंगठ्याने कोणत्याही दिशेला कमी-अधिक झुकविता येणारी जॉयस्टिक घरोघरी पोहोचली. १९९७ मध्ये सोनीने दोन जॉयस्टिक आणि कंपन यांची जोड दिली. आजचे बहुतेक कंट्रोलर याच आराखड्यावर बेतलेले आहेत.

बेंगळूरुकरांना हा विषय परका नाही. भारतातील आरंभीच्या गेम-निर्मिती संस्थांपैकी एक असलेली ‘ध्रुव इंटरॅक्टिव्ह’ १९९७ मध्ये याच शहरात सुरू झाली आणि २०१९ मध्ये ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ या खेळाच्या निर्मात्या रॉकस्टार कंपनीने ती विकत घेतली. जुन्या पेठेतील एस. पी. रोडवर गेल्यास एकाच गल्लीत तीनशेचाही माऊस मिळतो आणि दहा हजारांचाही.

आकर्षण कशाचे?

रंगीबेरंगी दिवे, चित्याच्या अंगासारखा रेखीव आकार आणि मित्रांमधील प्रतिष्ठा हा आकर्षणाचा एक भाग झाला. तो नाकारण्याचे कारण नाही. घड्याळ वेळ दाखविते, तरीही आपण ते मनगटाला शोभणारे घेतो. परंतु केवळ दिखाव्यावर हा बाजार उभा नाही. तीन-चार तास हाताळावयाच्या वस्तूचे वजन साठ ग्रॅम आहे की एकशे वीस, तळव्याला आधार मिळतो की नाही, बटण हलक्या दाबाने पण निःसंदिग्धपणे खाली जाते की नाही, हे हाताला लगेच जाणवते. चांगल्या फाउंटन पेनने लिहिलेल्यांना ही गोष्ट वेगळी सांगावी लागणार नाही.

खेळालाही आता मान्यता मिळत आहे. २०१८ च्या जकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत ई-स्पोर्ट्सचा प्रात्यक्षिक प्रकार म्हणून समावेश झाला, तेव्हा भारताच्या तीर्थ मेहता याने ‘हार्थस्टोन’ या खेळात कांस्यपदक मिळविले. २०२३ मध्ये हांगझोऊ येथे ही पदके अधिकृत ठरली. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्यानेही ई-स्पोर्ट्स आणि पैसे लावून खेळावयाचे खेळ यांत स्पष्ट भेद केला आहे. पहिल्यास प्रोत्साहन, तर दुसऱ्यास बंदी असून त्यासाठीचे व्यवहार हाताळण्यास बँकांनाही मनाई आहे. तेव्हा नातवाने माऊस मागितला म्हणजे तो जुगाराच्या वाटेला लागला, असे समजू नये.

खोक्यावरील आकडे

खोक्यावर प्रथम दिसतो तो डीपीआय. हात एक इंच सरकला असता पडद्यावरील बाण किती ठिपके सरकेल, याचा तो आकडा. जाहिरातींत हा आकडा २५,००० च्या पुढे गेला आहे. प्रत्यक्षात अनेक व्यावसायिक खेळाडू ४०० ते १६०० च्या दरम्यानच खेळतात, कारण त्यापुढे हाताचा सूक्ष्म कंपही पडद्यावर उमटू लागतो.

दुसरा आकडा पोलिंग रेटचा. माऊस आपली स्थिती संगणकास सेकंदाला किती वेळा कळवितो, हे तो सांगतो. साधा माऊस १२५ वेळा, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी कळवितो, तर गेमिंग माऊस १,००० वेळा, म्हणजे दर मिलिसेकंदाला. काही महागडे माऊस ८,००० पर्यंत जातात. आता तुलना पाहा. साधा पडदा सेकंदाला ६० वेळा बदलतो, म्हणजे दोन चित्रांत सुमारे १७ मिलिसेकंदांचे अंतर असते. डोळ्यांनी पाहून बोट हलविण्यास माणसाला साधारणपणे २०० मिलिसेकंद लागतात. म्हणून १२५ वरून १,००० वर जाण्याचा लाभ चांगल्या खेळाडूला जाणवू शकतो. १,००० वरून ८,००० वर जाण्यासाठी मोजलेली रक्कम मात्र बहुतेकांच्या बाबतीत आकड्यावरच खर्च होते.

दोन कोटी क्लिकचा हिशेब

आता भरवशाकडे वळू. माऊसच्या बटणाखाली एक लहानसा मायक्रोस्विच असतो. त्यातील धातूची पातळ पट्टी दाबाने उलटते आणि विजेचा मार्ग पूर्ण करते. या स्विचचे आयुष्य दोन कोटी, पाच कोटी क्लिक असे छापलेले असते. हिशेब करू. दिवसाला ५,००० क्लिक आणि वर्षाचे ३०० दिवस धरल्यास वर्षाला १५ लाख क्लिक होतात. या गतीने दोन कोटी क्लिक पुरे होण्यास १३ वर्षे लागावीत. मग अनेक माऊस दोन-तीन वर्षांतच एका क्लिकऐवजी दोन क्लिक का नोंदवू लागतात?

याचे कारण असे की, छापलेला आकडा प्रयोगशाळेतील ठरावीक परिस्थितीत पट्टीने सोसलेल्या दाबांचा असतो. घरात धूळ असते, हाताचा घाम असतो, कोकणासारख्या प्रदेशात दमट हवा असते. धातूच्या स्पर्शबिंदूंवर हळूहळू थर चढतो. आजच्या माऊसमधून वाहणारी वीज इतकी अल्प असते की तो थर जाळून टाकण्याचे सामर्थ्य तिच्यात नसते. शिवाय पट्टीचा ताण कमी होत जातो आणि स्पर्श डळमळू लागतो.

यात आणखी एक मेख आहे. जमिनीवर टाकलेला चेंडू जसा दोन-चार उड्या मारून स्थिरावतो, तशी ही पट्टीही स्पर्शानंतर क्षणभर थरथरते. ती थरथर संपेपर्यंत काही मिलिसेकंद थांबण्याची सूचना माऊसमधील प्रणालीला दिलेली असते. गेमिंग माऊस जलद व्हावा म्हणून हीच प्रतीक्षा कमी केली जाते. परिणामी, साधा माऊस जी थरथर पोटात घालतो, तीच चपळ माऊस दुसरा क्लिक म्हणून नोंदवितो. वेग आणि टिकाऊपणा ही येथे एकाच तराजूची दोन पारडी आहेत. अधिक किंमत म्हणजे आपोआप अधिक आयुष्य, हे समीकरण म्हणूनच फसवे ठरते.

यावर प्रकाशाधारित स्विच हा उपाय निघाला आहे. त्यात धातूचा स्पर्श वीज जोडत नाही. बटण दाबताच प्रकाशाचा किरण अडतो किंवा मोकळा होतो आणि तीच क्लिकची खूण ठरते. थर चढण्याचा व थरथरीचा प्रश्न त्यामुळे उरत नाही. अर्थात चाक, केबल आणि बॅटरी यांची झीज राहतेच.

आपोआप चालणारी जॉयस्टिक

कंट्रोलरचे दुखणे वेगळे. जुन्या रेडिओचा आवाज कमी-जास्त करण्याचे बटण काही वर्षांनी खरखर करू लागे, हे अनेकांना आठवत असेल. बहुसंख्य जॉयस्टिकमध्ये त्याच जातीचा भाग असतो. कार्बनच्या पट्ट्यावरून धातूचे टोक घासत जाते आणि पट्टा झिजला की चुकीचे माप मिळते. मग अंगठा उचलला तरी पडद्यावरील पात्र आपोआप एका दिशेला चालू लागते. यालाच ड्रिफ्ट म्हणतात.

मला स्वतःला याचा अनुभव आला तो चौदाव्या महिन्यात. हमी बारा महिन्यांची होती. सेवाकेंद्राने ‘नैसर्गिक झीज’ असा शेरा मारून कंट्रोलर परत केला. हा त्रास एकट्यादुकट्याचा नाही. २०१७ मध्ये आलेल्या निन्टेन्डो स्विचच्या कंट्रोलरविषयी जगभरातून इतक्या तक्रारी झाल्या की २०२० मध्ये कंपनीच्या अध्यक्षांनी ग्राहकांची क्षमा मागितली आणि २०२३ मध्ये युरोपातील ग्राहकांना मुदतीनंतरही विनामूल्य दुरुस्ती देण्याचे कंपनीने मान्य केले. संघटित तक्रारीत किती बळ असते, याचे हे उदाहरण होय.

येथेही उपाय आहे. १८७९ मध्ये एडविन हॉल यांनी शोधलेल्या चुंबकीय परिणामाचा उपयोग करून घर्षणाविना स्थिती मोजता येते. सेगा कंपनीने १९९० च्या दशकातच अशा जॉयस्टिक वापरल्या होत्या. आता ‘हॉल इफेक्ट’ असे लिहिलेले कंट्रोलर मध्यम किमतीतही मिळतात. त्यांतील स्प्रिंग आणि रबर झिजतातच, परंतु कार्बनचा पट्टा झिजण्याचा प्रश्न मिटतो.

हप्ता, हमी आणि हक्क

आता आमच्या क्षेत्राविषयी. सहा हजारांची वस्तू ५०० रुपयांच्या बारा ‘विनाखर्च’ हप्त्यांत घेतली आणि वार्षिक व्याजदर १५ टक्के धरला, तर मूळ कर्ज सुमारे ५,५४० रुपयांचे आणि व्याज सुमारे ४६० रुपयांचे होते. हे व्याज विक्रेता सवलतीच्या रूपाने सोसतो. परंतु त्या व्याजावरील १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे ८३ रुपये, ग्राहकाच्याच माथी येतो. प्रक्रियाशुल्क १९९ रुपये असल्यास करासह ते २३५ रुपये होते. म्हणजे ‘विनाखर्च’ हप्त्यांचा खर्च झाला सुमारे ३१८ रुपये, आणि रोखीची सवलत हुकली असल्यास ती वेगळीच.

खरेदी करताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. क्लिकच्या कोटींपेक्षा हमीची वर्षे पाहावीत. दोन वर्षांची हमी म्हणजे उत्पादकाने स्वतःच्या मालावर ठेवलेला दोन वर्षांचा विश्वास.

२. वस्तू शक्यतो दुकानात हाताळून पाहावी. हाताच्या मापाला न बसणारा माऊस कोणत्याही किमतीत महागच.

३. बिल जपून ठेवावे आणि खोक्यावर आयातदाराचे नाव व पत्ता असल्याची खात्री करावी. नामांकित मालाची नक्कल बाजारात असतेच.

४. दोष दिसताच लेखी तक्रार करावी. दाद न मिळाल्यास १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार आपण जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी त्याचे शुल्क नाही.

५. हमी संपल्यावर वस्तू लगेच टाकून देऊ नये. पुष्कळदा कुशल कारागीर अल्प खर्चात स्विच बदलून देतो.

समारोप

हे सर्व मी त्या ठेवीदारांना सांगितले आणि नातवालाच शाखेत घेऊन येण्याची विनंती केली. पुढच्या आठवड्यात दोघे आले. मुलगा हुशार होता; हॉल इफेक्टविषयी त्याला माझ्याहून अधिक माहिती होती. परंतु हमीची मुदत त्याने पाहिली नव्हती. ती होती एका वर्षाची. बराच खल झाल्यावर अठराशे रुपयांचा, तारेचा, १,००० पोलिंग रेटचा आणि दोन वर्षांच्या हमीचा माऊस निश्चित झाला. किंमत आजोबांनी रोख दिली. महागड्या माऊसची इच्छा मुलाने सोडलेली नाही; त्यासाठी त्याने स्वतःच्या नावे दरमहा ३०० रुपयांचे आवर्ती खाते उघडले आहे.

निघताना आजोबा हसत म्हणाले, “म्हणजे गणपती माऊसवर बसून येत नाही तर.” मी म्हटले, “नाही. पण बुद्धीची देवता तोच ना? खरेदीच्या वेळी ती बरोबर असली म्हणजे झाले.”