खरेदीखत की गहाणखत?

बारामती आणि इंदापूर ह्या दोन तालुक्यांची नावे निघाली की आज उसाचे फड, साखर कारखाने आणि नीरेचा डावा कालवा डोळ्यांपुढे उभा राहतो. कायद्याच्या अभ्यासकाला मात्र ह्या तालुक्यांची ओळख निराळ्या कारणाने असते. मुंबई इलाख्यातील रयतवारी पाहणीची पद्धत १८३६ च्या सुमारास प्रथम लागू झाली ती इंदापुरात; आणि कर्जाने गांजलेल्या रयतेचा उद्रेक १८७५ साली प्रथम झाला तो सुप्यास. सुपे आज बारामती तालुक्यात आहे. त्या काळी ते भीमथडी तालुक्यात मोडत असे. ह्या भूमीत कायद्याचा जो एक प्रश्न जन्मास आला, तो अद्याप मिटलेला नाही. सहीनिशी झालेल्या कागदाच्या मागे जाऊन मूळ व्यवहार काय होता, हे न्यायाधीशाने पाहावे की पाहू नये?

दिनांक १२ मे १८७५ रोजी आसपासच्या खेड्यांतील शेतकरी सुप्याच्या पेठेत जमले. त्यांनी सावकारांकडे मागितले ते कर्जरोखे आणि वह्या, आणि हाती लागलेले कागद जाळले. दुकानांची लूट झाली, काही ठिकाणी आगीही लागल्या. परंतु पुणे व नगर जिल्ह्यांतील ह्या सर्व दंग्यांत माणसांच्या अंगावर हात टाकण्याचे प्रकार फार थोडे घडले. रयतेचा रोष कागदावर होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. आपले शेत हिरावून नेणारी वस्तू कोणती, हे त्या निरक्षर माणसांना वकिलाइतके नेमके कळलेले होते.

कागदाला एवढे बळ कोठून आले? रयतवारीने जमीन एकेका खातेदाराच्या नावे मांडली आणि ती सावकाराच्या दृष्टीने उत्तम तारण ठरली. इंदापुरातील तीस वर्षांचा करार संपून १८६७ साली सारा बराच वाढला. तिकडे अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये थांबल्यावर कापसाचा भाव कोसळला आणि उसनवारीचे हात आखडले. त्यातच १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्यावर दावा लावण्यास तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू ऋणकोच्या रक्षणाचा होता. फळ उलटे आले. दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा लिहून घेऊ लागला, आणि मागील व्याज नव्या रोख्यात मुद्दल होऊन बसू लागले.

उदाहरणादाखल हिशेब करून पाहा. शंभर रुपये दरमहा शेकडा दोन रुपये व्याजाने घेतले, तर तीन वर्षांनी एकशे बहात्तर होतात. तेच मुद्दल धरून नवा रोखा केला की सहा वर्षांअखेर सुमारे दोनशे शहाण्णव आणि नऊ वर्षांअखेर पाचशे नऊ. दामदुप्पटीचा नियम आपल्याकडे पुरातन आहे. एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक असू नये, असे धर्मशास्त्रच सांगते. परंतु नव्या रोख्याने व्याजाचेच मुद्दल केल्यावर तो नियम दाराबाहेरच उभा राही.

दंग्यांच्या चौकशीनंतर १८७९ चा ‘डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट’ आला. पुणे, सातारा, सोलापूर व नगर ह्या चार जिल्ह्यांपुरता तो होता. कर्जासाठी शेतकऱ्यास कैदेत टाकणे त्याने बंद केले. पण त्याचा प्राण बाराव्या कलमात होता. रोख्यातील आकडा प्रमाण न मानता न्यायाधीशाने व्यवहाराचा इतिहास आरंभापासून तपासावा, असे ते कलम सांगे. सार्वजनिक सभेच्या द्वारे रयतेच्या दैन्याचा अभ्यास करणारे न्यायमूर्ती रानडे पुढे १८८७ मध्ये ह्याच कायद्याखालील खास न्यायाधीश झाले, हा योग विलक्षणच म्हटला पाहिजे.

सावकारही स्वस्थ बसणारा नव्हता. गहाणखत न्यायालयात उलगडले जाते असे दिसताच त्याने गहाणाऐवजी थेट खरेदीखत लिहून घेण्यास प्रारंभ केला. ‘पैसे फेडलेस की जमीन परत करीन’ हे बोलणे तोंडी राहू लागले. तेव्हा कायद्यात १०-अ हे कलम घालावे लागले, आणि वरपांगी खरेदी दिसणारा व्यवहार वस्तुतः गहाणाचा होता, हे तोंडी पुराव्याने दाखविण्याची मुभा शेतकऱ्यास मिळाली.

ह्या इतिहासाविषयी विद्वानांत एकमत नाही. रविंदर कुमार ह्यांनी ह्या दंग्यांची मुळे ब्रिटिश महसूल पद्धतीने ग्रामजीवनात घडविलेल्या पालटात शोधली. उलट नील चार्ल्सवर्थ ह्यांनी १९७२ मध्ये असे प्रतिपादन केले की दंग्यांचे महत्त्व अकारण फुगविले गेले आहे. आर्थिक परिणामांपुरते चार्ल्सवर्थ ह्यांचे म्हणणे मान्य करता येईल. पण कायद्याच्या इतिहासात ह्या दंग्यांनी टाकलेली छाया दीर्घ आहे, असे मला वाटते.

कारण तो कायदा गेला, तरी युक्ती राहिली. आजही ‘मुदत खरेदी’ हा शब्द खेडोपाडी सर्वांस ठाऊक आहे, आणि नुसत्या तोंडी वचनावर खरेदीखत करून देणारेही भेटतात. सामान्य कायदा अशा माणसाला फारसा अनुकूल नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्यात १९२९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, परत देण्याची अट त्याच दस्तात लिहिलेली नसेल, तर तो व्यवहार गहाण मानला जात नाही. लेखी कराराच्या अटींविरुद्ध तोंडी पुरावा चालत नाही, हा १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातील ९२ व्या कलमाचा नियम १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ९५ वे कलम होऊन कायम राहिला आहे. एक फट मात्र आहे. दस्त केवळ दिखाऊ होता, तो अमलात आणावयाचाच नव्हता, असे म्हणणे असेल, तर तोंडी पुरावा देता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये महाराष्ट्रातूनच आलेल्या एका अपिलात सांगितले.

दुसरी वाट महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ ह्याने काढून दिली. त्यापूर्वीच्या १९४६ च्या कायद्याचा मुख्य भर परवाना, हिशेब आणि व्याज ह्यांवर होता. नव्या कायद्याचे १८ वे कलम थेट जमिनीला हात घालते. खरेदी, गहाण, पट्टा वा अदलाबदल, कागदाचे नाव काहीही असो. जमीन सावकारीच्या ओघात दिलेल्या कर्जाचे तारण म्हणून सावकाराकडे गेली असेल, तर सहकार खात्याचे जिल्हा निबंधक चौकशी करून तो दस्त अवैध ठरवू शकतात आणि ताबा परत देवविण्याची आज्ञा करू शकतात. अर्जापासून मागे पंधरा वर्षांपर्यंतचे व्यवहार ह्यात येतात. १८७९ च्या बाराव्या कलमाचाच हा वंशज होय. फरक इतकाच की न्यायाधीशाच्या जागी आता अधिकारी बसला आहे.

हा फरक लहान नाही. नोंदणी झालेला दस्त रद्द करण्याचा अधिकार महसुलाच्या वा सहकाराच्या कचेरीस असावा काय, अशी शंका कायदेपंडितांस येणे स्वाभाविक आहे. जमीन विकून भाव वाढल्यावर पस्तावलेला विक्रेता प्रामाणिक खरेदीदारास सावकार ठरवू पाहील, हे भयही खोटे नाही. म्हणून समोरचा मनुष्य सावकारीचा धंदा करतो, हे सिद्ध व्हावे लागते. अडीअडचणीला एकदा उसने दिल्याने कोणी सावकार होत नाही, असे न्यायालये पूर्वीपासून मानीत आली आहेत.

मग शेतकऱ्याने दाखवावयाचे काय? किंमत बाजारभावाहून फारच कमी असणे, खरेदीनंतरही शेत मूळ मालकानेच कसणे, व्याजाचे हप्ते बँकेच्या खात्यातून गेलेले असणे, त्याच माणसाने गावातील इतरांकडूनही असेच दस्त करून घेतलेले असणे. ह्या खुणा एकत्र आल्या म्हणजे खरेदीचा बुरखा गळू लागतो. सातबाऱ्यावरील पीकपाहणीची नोंद येथे मोठे काम करते. ज्याने व्याज रोखीने दिले आणि पावती मागितली नाही, त्याचे पारडे हलके राहते. जिल्हा निबंधकांचा निर्णय प्रतिकूल गेल्यास विभागीय निबंधकांकडे अपील करता येते, व त्याची मुदत एक महिन्याची आहे.