हवाई बंदूक : आंखूड कीं लांब?

गेल्या पालकसभेनंतर एक गृहस्थ आपल्या नववींतील चिरंजीवांस घेऊन मजकडे आले. मुलास नेमबाजीचा नाद लागला होता. परंतु बंदूक कोणती घ्यावी याविषयीं बापलेकांचें एकमत होईना. मुलाचें मन 'बुलपप' नांवाच्या आंखूड बंदुकीवर जडलें होतें. वडिलांस नेहमींच्या लांब घडणीची हवाई बंदूक बरी वाटत होती. "सर, आपण विज्ञान शिकवितां; आतां आपणच निवाडा करा," असें ते म्हणाले. त्या वेळीं जें बोलणें झालें तें इतर पालकांच्या व विद्यार्थ्यांच्याही उपयोगीं पडेल, या हेतूनें येथें देत आहें.

हवाई बंदुकींत दारू नसते. दाबलेली हवा एकाएकीं मोकळी होते आणि नळींतील शिशाच्या छर्र्यास पुढें ढकलते. हवा दाबण्याच्या मुख्य रीती दोन. एकींत जोरदार स्प्रिंग दट्ट्यास ढकलते व ती स्प्रिंग प्रत्येक वेळीं हातानें दाबून धरावी लागते. दुसरींत हवा नळकांड्यांत आधींच भरून ठेवलेली असते. तिचा दाब बहुधा वातावरणाच्या दाबाच्या २०० पटींच्या आसपास, म्हणजे मोटारीच्या चाकांतील दाबाच्या सुमारें ऐंशी पट असतो. ही युक्ति नवी नव्हे. सुमारें १७८० सालीं ऑस्ट्रियाच्या सैन्यानें जिरान्डोनी नांवाच्या कारागिराची अशीच भरल्या हवेची रायफल वापरावयास घेतली होती.

आतां घडणीचा भेद पाहूं. पारंपरिक बंदुकींत छर्रा भरण्याची जागा व सारी यंत्ररचना चापाच्या पुढें असते आणि चापामागें केवळ खांद्यास टेकविण्याचा दस्ता असतो. बुलपपमध्यें हीच यंत्ररचना चापाच्या मागें, दस्त्याच्या पोटांत, नेऊन बसविलेली असते. त्यामुळें नळीची लांबी न घटतां बंदुकीची एकंदर लांबी घटते. ही कल्पना इंग्लंडमध्यें १९०१ सालच्या थॉर्नीक्रॉफ्ट कार्बाइनमध्यें दिसून आली. पुढें १९७० नंतर ऑस्ट्रिया, फ्रान्स व ब्रिटन येथील सैन्यांनीं तिचा स्वीकार केला. हवाई बुलपप बहुधा भरल्या हवेच्याच असतात.

बुलपपचा गुण उघड आहे. ती आंखूड असल्यामुळें अडचणीच्या जागीं सहज फिरवितां येते, आणि तिचें वजन खांद्याजवळ असल्यामुळें पुढचा हात लवकर थकत नाहीं. परंतु प्रत्येक सोयीची कांहीं किंमत द्यावी लागते. चाप पुढें व त्यानें सोडावयाची कळ मागें, म्हणून दोहोंना जोडणारी लांब काडी घालावी लागते. ती किंचित् वांकली किंवा घासली तरी चाप जड व अनिश्चित वाटतो. उत्तम कारागीर हा दोष पुष्कळसा घालवितात. स्वस्त मालांत तो राहतो. दुसरें असें कीं, गाल यंत्ररचनेवरच टेकत असल्यामुळें दुर्बीण नळीच्या बरीच वर बसवावी लागते. मग बंदूक हातांत जराशी कलली तरी नेम अधिक चुकतो. डावखुऱ्या मुलानें तर छर्रा भरण्याची कळ कोणत्या बाजूस आहे हें आधीं पाहावें.

ज्यास स्पर्धेंत उतरावयाचें आहे त्याचा प्रश्न याहून सोपा आहे. जागतिक सामन्यांत एअर रायफल १० मीटर अंतरावरून, उभें राहून चालवितात. नळी ४·५ मिलिमीटरची, रायफलीचें वजन ५·५ किलोपर्यंत, आणि लक्ष्यावरील दहा गुणांचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा! रायफलीवर दुर्बीण लावण्यास मनाई असते. नेम धरण्याचीं दोन छिद्रें एकमेकांपासून दूर असलीं तरच तो अचूक धरतां येतो. म्हणून या सामन्यांतील रायफली पारंपरिक घडणीच्याच असतात. सिडनी येथें २००० सालीं अंजली भागवत व अथेन्स येथें २००४ सालीं सुमा शिरूर याच खेळाच्या अंतिम फेरींत पोहोंचल्या. आपल्या शेजारच्या ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ सालीं कैरो येथें याच प्रकारांत जगज्जेता झाला.

यापुढें कायदा. २०१६ च्या शस्त्रनियमांप्रमाणें ४·५ मिलिमीटरहून मोठ्या नळीच्या, अथवा २० ज्यूलहून अधिक शक्तीच्या हवाई बंदुकीस परवाना लागतो. परदेशीं बनणाऱ्या अनेक बुलपप या मर्यादेबाहेरच्या असतात.

"वीस ज्यूल म्हणजे किती?" असें त्या मुलानें विचारलें. मीं सांगितलें, "एक किलोचें वजन दोन मीटर उंचीवरून पडावें, तेवढें; आणि तें सारें वाटाण्याहूनही लहान अशा टोंकावर." मग मीं त्यास माझ्या बालपणींची एक हकीकत सांगितली. आम्हीं चौघां मुलांनीं एका परसांत लोखंडी पिंपावर डबा ठेवून नेम धरला होता. छर्रा डब्यास न लागतां पिंपावर आदळला, उलटला आणि बाजूस उभ्या असलेल्या माझ्या मित्राच्या डोळ्यांत शिरला. तो डोळा गेला. बंदूक पारंपरिक घडणीची होती आणि नेम धरणारा मीं होतों.

येवढें ऐकल्यावर मुलगा बराच वेळ गप्प राहिला. नंतर त्यानें आपण होऊन कबूल केलें कीं, आंखूड बंदूक त्यास गच्चीवर नेण्यासाठीं हवी होती. कबुतरांवर व खाडीकडून येणाऱ्या बगळ्यांवर नेम धरण्याचा त्याचा बेत होता. मिरा-भाईंदरसारख्या दाट वस्तींत गच्चीवरून सुटलेला छर्रा कोणाच्या खिडकींत जाईल हें कोण सांगणार? शिवाय बगळ्यास मारणें हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें गुन्हा आहे. अरुणाचल प्रदेशांत पक्ष्यांच्या रक्षणासाठीं २०२१ सालीं लोकांनीं आपल्या हवाई बंदुका स्वखुषीनें सरकारजमा केल्या, हेंही मीं त्यास सांगितलें.

"मग बंदूक घेऊंच नये काय?" त्यानें विचारलें.

मीं म्हटलें, "घ्यावी, पण शेवटीं. आधीं एखाद्या नेमबाजीच्या केंद्रांत शिक्षकांच्या देखरेखीखालीं एक वर्ष तेथील रायफल चालीव. नळीचें तोंड सदैव लक्ष्याकडे, नेम धरीपर्यंत बोट चापाबाहेर, लक्ष्यामागें छर्रा अडविणारी पेटी आणि डोळ्यांवर चष्मा, एवढें अंगवळणीं पडलें म्हणजे कोणती घडण हवी तें तुझें तुलाच कळेल."

वडिलांनीं ही सूचना मान्य केली. आतां दर शनिवारीं मुलगा केंद्रांत जातो. परवां भेटला तेव्हां त्यानें मला छिद्रें पडलेलें एक लक्ष्यपत्र दाखविलें. आंखूड बंदुकीचें नांव त्यानें काढलें नाहीं.