दीड फूट नव्हे, बारा फूट

आज गल्लीच्या तोंडाशी रस्ता अरुंद कसा करायचा, ते लिहायचं ठरलं होतं. पण मुरगूडच्याच एका वाचकांनी विचारलंय : ‘आमच्या गल्लीत गतिरोधक घातला. म्हातारी माणसं आणि रिक्षावाले वैतागले, पोरांच्या मोटरसायकली मात्र सुसाट जातात त्या जातातच. असं का?’ प्रश्न नेमक्या जागी बोट ठेवणारा आहे. अरुंदीकरण थांबेल आठवडाभर.

दोष उंचवट्याच्या आखूडपणाचा आहे. डांबरीकरण झालं की उरलेला माल गल्लीत आडवा ओतायचा आणि फावड्याने थापायचा, ही आपली रीत. गाडीच्या दिशेने मोजलं तर तो जेमतेम दीड-दोन फूट भरतो. हळू गेलं की चाकाबरोबर अख्खी गाडी वर चढते, खाली आदळते आणि कंबर बोलते. वेगात गेलं तर चाक क्षणात वर-खाली होतं, बराचसा धक्का टायर आणि शॉकअप गिळतात, वरच्या माणसाला हलायला सवडच मिळत नाही. पोरांना हे गणित कुणी शिकवलेलं नसतं, बुडाला कळलेलं असतं. दंड सावकाश जाणाऱ्याला आणि माफी भरधाव जाणाऱ्याला! चाक निसटलं तर मात्र माफी नाही.

गतिरोधकाच्या नादाला थोर लोकही लागलेत. १९२७ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मानकरी आर्थर कॉम्प्टन यांनी १९५३ मध्ये अमेरिकेत सेंट लुइसच्या आपल्या विद्यापीठातल्या रस्त्यासाठी खास उंचवटे आखले होते. पण आपल्या प्रश्नाचं उत्तर ब्रिटनच्या सरकारी रस्ते-संशोधन प्रयोगशाळेतल्या वॉट्स यांच्याकडे आहे. त्यांनी वेगवेगळ्या आकारांच्या उंचवट्यांवरून गाड्या नेऊन पाहिल्या आणि १९७३ मध्ये निष्कर्ष मांडला : उंचवटा बारा फूट लांब आणि चार इंच उंच हवा. एवढ्या लांबीवर चाकामागोमाग गाडीलाही चढावं-उतरावं लागतं, म्हणून वेग वाढेल तसा त्रास वाढतो. हळू जाणाऱ्याला नुसता झोका.

आपल्याकडे इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ च्या ‘आयआरसी ९९’मध्ये हाच आकार घेतला : लांबी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर, गोलाईची त्रिज्या १७ मीटर. ओलांडायचा वेग ताशी २५ किलोमीटर. पडताळायचं असेल तर लांबीचा वर्ग करा आणि त्रिज्येच्या आठपटीने भागा. १३.६९ भागिले १३६, उत्तर दहा सेंटिमीटर! सतरा मीटरची दोरी धरायला केंद्र जमिनीच्या पोटात जातं, म्हणून गवंड्याने प्लायवूडचा फर्मा कापून घ्यावा.

दोन पथ्यं. गटाराच्या बाजूला पाण्यासाठी फट ठेवतात, तिथूनच मोटरसायकली काढल्या जातात, म्हणजे नेमक्या पायी चालणाऱ्याच्या अंगावर. त्या फटीत खांब रोवा. आणि हा उंचवटा गल्लीतच ठेवा. निपाणी-राधानगरी रस्त्यावर गळीत हंगामात बिद्री-हमीदवाड्याच्या साखर कारखान्यांकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरची एक ट्रॉली चढत असते तेव्हा दुसरी अजून सपाटीवर असते. हुकाला हिसका बसतो आणि ऊस रस्त्यावर. तिथला इलाज वेगळा, त्यावर पुढे केव्हातरी.

पुढच्या आठवड्यात गल्लीचं तोंड. तोवर आपापल्या दारातला उंचवटा टेपने मोजून कळवा. आधी लांबी, मग उंची.