वाट नसलेल्या डोंगरातला वाटाड्या

डोंगरात भटकायला जाणे ही हल्ली शहरातल्या तरुणांची हौस झाली आहे आणि ती चांगलीच आहे. पण या भटकंतीत दोन जाती आहेत, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. पहिल्या जातीत वाट आधीपासून असते. आमच्या सोनगीरचा किल्ला घ्या. गावाला खेटून टेकडी, वर जायला पायवाट, पुढे दरवाजा. दुसऱ्या जातीत पाठीवर तीन-चार दिवसांचा शिधा, पांघरूण आणि पाणी घेऊन अशा मुलखात शिरायचे, की जिथे वाट म्हणून काही नाही. धार, नाला, खिंड, रान एवढेच. इथे नकाशा असतो, खिशात मोबाइलही असतो. तरीसुद्धा एक माणूस पुढे लागतो. त्याला आपण वाटाड्या म्हणतो. पण वाटच नाही तिथे हा वाटाड्या नेमके काय दाखवतो?

त्यासाठी लांब हिमालयात जायला नको. सोनगीरहून आग्रा रोडने उत्तरेला निघा. नरडाणा मागे पडते, तापीचा पूल लागतो, शिरपूर जाते आणि पळासनेरच्या अलीकडेपलीकडे सातपुडा अंगावर येतो. पश्चिमेला तो नंदुरबार जिल्ह्यात तोरणमाळ, अक्राणीकडे पसरतो. पूर्वेला चोपडा, यावल, रावेरच्या डोक्यावरून बऱ्हाणपूरकडे जातो. रस्त्यावरून पाहिले तर तो सौम्य वाटतो. सह्याद्रीसारखे आकाशात घुसलेले सुळके इथे फार नाहीत. आणि फसगत इथेच होते.

आपल्या भागातला सातपुडा बहुतांशी लाव्हाच्या थरांचा आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास लाव्हा थरावर थर पसरत गेला. काही थर टणक, काही ठिसूळ. ठिसूळ झिजतो, टणक उभा राहतो आणि डोंगराला पायऱ्या पडतात. या खडकाला भूगर्भशास्त्रात 'ट्रॅप' म्हणतात, तो शब्द स्वीडिश भाषेतल्या जिन्यावरून आला. फक्त या जिन्याची एकेक पायरी दहा-पंधरा मीटरची असते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नेहमीच्या नकाशात दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर असे प्रमाण असते आणि उंचीच्या रेषा वीस-वीस मीटरला मारलेल्या असतात. म्हणजे पंधरा मीटरचा सरळ कडा दोन रेषांच्या मध्ये बेमालूम लपू शकतो. पंधरा मीटर म्हणजे पाच मजली इमारत. मोबाइल तुम्ही कुठे उभे आहात ते अचूक सांगतो, पण पुढच्या झुडपामागे जमीन आहे की नाही, ते सांगत नाही.

वाटाड्याचा पहिला धडा या जिन्यातूनच निघतो. चढताना काय धरायचे आणि उतरताना काय धरायचे, हा तो धडा. शहरी माणूस दमला, पाणी संपले, अंधार पडायला लागला की त्याला वाटते, नाल्यात उतरावे. नाला खाली जातो, खाली गाव असते, हिशेब सोपा. पण नाला प्रत्येक टणक थरापाशी आला की उडी मारतो. पावसाळ्यात तो धबधबा असतो, उन्हाळ्यात कोरडा कडा. पहिला कडा माणूस कसाबसा घसरत उतरतो. दुसरा उतरता येत नाही आणि आता पहिला चढताही येत नाही. असा मधल्या मध्ये अडकलेला माणूस वरून दिसत नाही, खालून दिसत नाही आणि त्याची हाकसुद्धा त्या घळीतच फिरत राहते. म्हणून जाणता वाटाड्या अनोळखी उतारावर शक्यतो सोंड धरतो. लांब पडली तरी चालेल, झुडपे तोडावी लागली तरी चालेल, पण चारी बाजू दिसत्या राहतात.

मात्र सोंडेचीही खोड आहे. चढताना सगळ्या सोंडा एकमेकींना मिळत मिळत माथ्याला जातात, त्यामुळे चढताना चुकणे अवघड. उतरताना तीच सोंड फुटते, तिच्या दोन होतात, दोनाच्या चार. नाल्यांचे बरोबर उलटे. ते उतरताना मिळतात आणि चढताना फुटतात. त्यामुळे माणसे सोंडेवर हरवतात ती बहुधा परतीला, आणि तेही माथा गाठल्याच्या आनंदात. चांगला वाटाड्या चढताना दर फाट्यावर मागे वळून पाहतो. परत येताना हा डोंगर कसा दिसेल, ते तो आधीच बघून ठेवत असतो. एखादे वाळलेले सालईचे झाड, एक पांढरट खडक. आपण समजतो, तो आपल्यासाठी थांबला आहे.

दुसरी गोष्ट पाण्याची. फाल्गुनानंतर सातपुड्यातले बरेच नाले वरून कोरडे दिसतात. पाणी वाळूखाली गेलेले असते. कुठे हातभर उकरले तर झिरा लागेल, हे वाटाड्या झाडांवरून ओळखतो. पानगळीने बोडक्या झालेल्या सागाच्या रानात मधेच उंबर, जांभूळ, करंज हिरवेगार उभे असतील तर तिथे थांबून पाहावे. संध्याकाळी पाखरे कुठल्या घळीकडे उतरतात, तेही बघावे. दिवसाची चाल तो मैलांवर ठरवत नाही, पाण्यावर ठरवतो. आजचे पाणी कुठे, उद्याचे कुठे, आणि उद्याचे आटलेले निघाले तर माघारी कुठे. हे तिसरे उत्तर ज्याच्यापाशी नाही, तो वाटाड्या नव्हे.

अंतर विचारले की तो कोसात सांगत नाही, दिवस कुठवर चढेल ते सांगतो. आपल्याला हे अडाणीपणाचे वाटते. स्कॉटलंडचा गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ याने १८९२ मध्ये ठोकताळा मांडला, की तासाला तीन मैल धरा आणि दर दोन हजार फूट चढाईला एक तास वाढवा. अजूनही जगभर भटके तो वापरतात. म्हणजे डोंगरातले अंतर वेळेतच मोजायचे असते, हे साहेबालाही मान्य होते. अर्थात नेस्मिथचा हिशेब चालत्या वाटेचा. कंबरभर कुसळी गवतातून, घाणेरीच्या जाळीतून, पाठीवर बारा-पंधरा किलो घेऊन जाताना एका किलोमीटरला एक तास लागला तर तक्रार करू नये.

आता हा माणूस कोण? आपल्या खानदेशात तो भिल्ल, पावरा, तडवी यांच्यापैकी कोणी असतो. जुन्या गावगाड्यात जागल्या असायचा. गावाची राखण करणे, चोराचा माग काढणे, वाटसरूला शिवेपर्यंत पोचवून पुढच्या गावच्या माणसाच्या हाती सोपवणे ही त्याची कामे. दगडावर उमटलेला, आपल्याला न दिसणारा पाय त्याला दिसे. इंग्रजांनी १८१८ मध्ये खानदेश घेतला तेव्हा या डोंगरांनी त्यांना दमवले. शेवटी १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने भिल्लांचीच पलटण उभी केली, तिचे ठाणे धरणगावला होते. डोंगर जाणणाऱ्यालाच नोकरीत घेतल्याशिवाय डोंगर हाती येत नाही, एवढा त्याचा अर्थ. पण साहेबाच्या शिकारीपुढे आणि सामानाखाली चाललेले कितीतरी वाटाडे वेठीचे होते. त्यांना 'चल' म्हटले की चालावे लागे. 'आज नको' म्हणायची त्यांना सोय नव्हती.

माझ्या मते या साऱ्या विषयाचे मर्म त्या 'आज नको'मध्ये आहे. युरोपातली एक गोष्ट सांगतो. ऑगस्ट १८२० मध्ये डॉ. हॅमेल नावाचे, रशियाच्या झारच्या सेवेतले एक शास्त्रज्ञ फ्रान्समधल्या माँ ब्लां शिखरावर निघाले. हवा बिघडली. शामोनी गावचे वाटाडे म्हणू लागले, परत फिरू या. पाहुण्यांचा आग्रह पुढे जाण्याचा. ते गेले, हिमकडा सुटला आणि तीन वाटाडे बर्फाच्या भेगेत गाडले गेले. पाहुणे वाचले. दुसऱ्याच वर्षी, १८२१ मध्ये, शामोनीच्या वाटाड्यांनी आपली संघटना स्थापन केली. जगातली या प्रकारची ती पहिली आणि आजही चालू आहे. १८६१ मध्ये, म्हणजे एक्केचाळीस वर्षांनी, त्या तिघांचे अवशेष हिमनदीने हळूहळू वाहून खाली गावाच्या बाजूला आणून टाकले. मला या गोष्टीत विशेष वाटते ते हे, की धोका वाटाड्यांना दिसला होता. जे कळत होते ते बोलून दाखवण्याचीही हिंमत त्यांनी केली होती. पण पैसे देणारा दुसरा होता.

हे आपल्याकडे रोज घडू शकते. मुंबई-पुण्याहून आलेल्या मंडळींची सुट्टी तीन दिवसांची, गाडीचे परतीचे तिकीट काढलेले, आणि पाड्यावरचा माणूस सकाळी वाऱ्याकडे पाहून म्हणतो, "आज नाही जायचं, भाऊ." वाऱ्याचा आणि जाण्याचा काय संबंध? संबंध वणव्याचा असतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले वेचायला झाडाखालचा पाचोळा जाळतात, कधी ती आग सुटते. वाळलेल्या गवतात वारा असला तर वणवा उतारावर वरच्या दिशेने माणसापेक्षा वेगाने धावतो, म्हणून वणव्यापुढे माथ्याकडे पळू नये. आडवे व्हावे, जळून गेलेल्या जमिनीकडे किंवा उघड्या खडकाकडे जावे. ११ मार्च २०१८ रोजी तामिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरात पदभ्रमणाला गेलेल्या तरुण-तरुणींना अशा आगीने गाठले आणि वीसहून अधिक जीव गेले. त्यानंतर तरी वाऱ्याकडे पाहणाऱ्या माणसाला कोणी हसू नये.

कुराणात हजरत मूसांची एक कथा आहे. अल्लाहच्या एका ज्ञानी सेवकामागे ते चालू लागतात. परंपरा त्याला हजरत खिज्र म्हणते. त्याची अट एकच, मी सांगेपर्यंत प्रश्न विचारायचा नाही. मूसा तीनदा विचारतात आणि तिसऱ्या प्रश्नानंतर दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. उर्दू कवितेत वाट दाखवणाऱ्याला 'खिज्रे-राह' म्हणतात तो हाच. आणि गंमत पाहा, आपल्या सातपुड्यालाही असा एक वाटाड्या आहे. दिवाळीच्या दिवसांत तळोद्याकडून हजारो भाविक अक्राणीतल्या अस्तंब्याला पायी जातात. तेराशे मीटरहून उंच शिखर ते. कपाळाच्या जखमेसाठी तेल मागत फिरणारा अश्वत्थामा तिथे आहे आणि वाट चुकलेल्याला तोच मार्गावर आणून सोडतो, अशी श्रद्धा आहे. एक शापित, एक अमर पाण्याचा मानकरी, काम मात्र एकच.

तरीही हाडामांसाच्या वाटाड्याच्या बाबतीत मी मूसांच्या बाजूचा आहे. त्याला प्रश्न विचारावेत. पाणी कुठे, उतरायचे कुठून, कोणी पडला तर पुढे काय, हे निघण्यापूर्वी नि:संकोच विचारावे. तो सर्वज्ञ नाही. त्याचे ज्ञान त्याच्या आणि शेजारच्या पाच-सात पाड्यांच्या शिवारापुरते पक्के असते, त्यापलीकडे तोही परका. प्रामाणिक वाटाडा तिथे पोचल्यावर सांगतो, की आता पुढचा माणूस बघा. पण चालू असताना तो थांब म्हणाला तर थांबावे.

एका गोष्टीबद्दल मात्र मला शहरी मंडळींशी वाद घालावासा वाटतो. ती या मुलखाला 'निर्मनुष्य रान' म्हणतात. रान निर्मनुष्य नसते, आपल्याला माणसे दिसत नाहीत एवढेच. ज्या उतारावर आपण साहस करायला जातो, त्यावरून कोणी बाई डोक्यावर पाण्याची कळशी घेऊन रोज जाते. अक्राणीच्या दुर्गम पाड्यांवरून आजारी माणसाला, अडलेल्या बाळंतिणीला बांबूला झोळी बांधून खांद्यावरून रस्त्यापर्यंत आणावे लागते. वर्तमानपत्रांनी त्या झोळीला 'बांबुलन्स' असे नावही दिले आहे. वाट नसणे ही आपली चार दिवसांची मौज आणि त्यांचे बारमाही दुखणे. उद्या आपल्यातल्या कोणाचा पाय मोडला तर त्याच झोळीतून, त्याच खांद्यांवरून आपण खाली येणार असतो. झोळीची गाठ कशी मारायची, हे त्यांना कोणत्या शिबिरात शिकावे लागलेले नाही.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले. आयोजकांनी नोंदणी करावी, सुरक्षेची व्यवस्था ठेवावी, असे त्यात आहे. ते आवश्यकच होते. प्रथमोपचार, दोराचा वापर, ही विद्या शिकून घ्यावी लागते. पण प्रमाणपत्र असलेला शहरातला तरुण आणि प्रमाणपत्र नसलेला पाड्यावरचा माणूस, अशी निवड करायची वेळ आली तर? मी म्हणेन, दोघांना न्या, आणि पहिल्याने दुसऱ्याचे ऐकावे. यावल, अनेर यांसारख्या अभयारण्यांत तर वनखात्याच्या परवानगीशिवाय पाऊल टाकू नका. तिथे वाट सोडून हिंडणे हा गुन्हा ठरू शकतो आणि त्याचा भुर्दंड बहुधा वाटाड्यालाच पडतो.

राहता राहिली मजुरीची बोली. ती निघण्यापूर्वी, सर्वांसमोर, स्पष्ट करावी. परत फिरावे लागले तरी ठरलेले पूर्ण पैसे मिळतील, हे त्याला आधीच सांगावे, म्हणजे 'आज नको' म्हणताना त्याच्या मनात घरची चूल येणार नाही. त्याच्याही पाठीवर आपल्याइतकेच ओझे असावे, जास्त नाही. पांघरूण त्याला आहे का, ते पाहावे. सातपुड्यात पौष-माघातली रात्र बोचरी असते. आणि दिवस मोजताना एक विसरू नये. चौथ्या दिवशी आपण डोंगराच्या पलीकडे उतरून एसटी धरतो, तेव्हा तो तिथून पुन्हा तोच डोंगर चढून, एकटा, दोन दिवस चालत आपल्या पाड्याला जाणार असतो. ते दोन दिवसही हिशेबात धरायचे असतात.