एक बादली जास्त

दसरा उलटला की आमच्या घरी माळा उतरवण्याचा सोहळा सुरू होतो. आमचे हे शिडीवर, मी खाली आणि सासूबाई खुर्चीत, न्यायाधीशाच्या थाटात. वरून काय काय खाली येते! मोडक्या दांड्याची छत्री, किल्ल्या हरवलेली तीन पितळी कुलपे, झाकणांवाचून बरण्या आणि बरण्यांवाचून झाकणे. मी म्हणते, "टाकून देऊ." सासूबाई म्हणतात, "असू दे, उपयोगी पडेल." या वादात दरवर्षी कोण जिंकते, हे आमच्या माळ्याकडे नजर टाकली की कळते.

दोन वर्षांपूर्वी मात्र मी जिंकले. सासूबाई लेकीकडे गेल्या होत्या. एका दुपारी मी निम्मा माळा रिकामा केला आणि हाताला लागेल ते पिशव्यांत कोंबून दाराबाहेर ठेवले. त्यात एक फुटकी काचेची बरणी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी कचरा नेणाऱ्या मावशींनी पिशवी उचलली आणि त्या एकदम खाली बसल्या. तळहात आडवा कापला होता. मी रिक्षा करून त्यांना दवाखान्यात नेले. तीन टाके पडले. मावशी मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. परत येताना एवढेच म्हणाल्या, "काच निराळी ठेवली असतीत ना ताई, तर मीच नेली असती. तिचे पैसे होतात."

तिचे पैसे होतात! आपण नाक मुरडून बाहेर ठेवतो त्या पिशवीत कुणाची तरी मिळकत असते, हे मला तोवर ठाऊक नव्हते. वास्तविक मी पुण्यात राहते. 1993 साली याच शहरात कचरा वेचणाऱ्यांची संघटना उभी राहिली. तिचे नाव 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत'. नावातच आपली निम्मी अडगळ आली! पुढे 2008 साली महापालिकेशी करार करून 'स्वच्छ' ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था घरोघरचा कचरा गोळा करू लागली. घरोघरी फिरायचे, मिळालेले पुन्हा हाताने निवडायचे आणि विकण्याजोगे असेल ते विकायचे, असे हे काम. कोरडा कागद विकला जातो. कालच्या आमटीत भिजलेला तोच कागद मातीमोल होतो. म्हणजे नुकसान मावशींचे, आणि ते करायला आपल्याला क्षणभरही लागत नाही.

त्या दिवशी संध्याकाळी मी एक जास्तीची बादली आणली. एकीत ओले, दुसरीत सुके. संपले! 2016 च्या घनकचरा नियमांनी असे वर्गीकरण घरोघरी सक्तीचे केले होते, पण कायद्याने जे माझ्याकडून झाले नाही ते तीन टाक्यांनी झाले. फुटकी काच आता जाड कागदात बांधून वर 'काच' असे लिहून जाते. डायपर, सॅनिटरी नॅपकिन वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा, म्हणजे ते पुडके कुणी उलगडून बघत नाही. जुने सेल आणि औषधे यांचा डबा निराळा.

दुधाच्या पिशवीची गंमत सांगते. आपण तिचा कोपरा कापतो आणि तो चिमुकला तुकडा मोरीत वाहून जातो. तो इतका लहान असतो की वेचणार कोण? म्हणून कापताना तो पिशवीला चिकटलेला ठेवायचा. पिशवी विसळून, ओट्याच्या टाइल्सवर चिकटवून वाळवायची. आमच्या ह्यांना हे प्रथम फार हास्यास्पद वाटले. आता तेच चिकटवतात.

ओल्या कचऱ्याने मात्र माझी परीक्षा पाहिली. बाल्कनीत भोके पाडलेली बादली विटांवर ठेवली, खाली ताट ठेवले आणि उत्साहाच्या भरात साली, उरलेला भात, पातळ भाजी, सगळे तिच्यात ओतले. आठवड्याने असा वास सुटला की वरच्या मजल्यावरच्या काकू विचारायला आल्या, "काही मेले आहे का हो?" चूक अशी की नुसते ओले ते ओलेच घातले होते. आत हवा खेळायला हवी. आता रस्त्यावरची वाळकी पाने पोतेभर आणून ठेवते. ओल्याच्या एका थरावर पानांचा एक थर, सुरुवातीला थोडे आंबट ताक, आणि दोन-तीन दिवसांनी काठीने ढवळणे. शिजवलेले अन्न अगदी थोडे. वास आला की पाने वाढवायची, फार कोरडे झाले की पाण्याचा शिपका द्यायचा. दोनेक महिन्यांत काळी, भुसभुशीत माती होते आणि तिला पहिल्या पावसासारखा वास येतो. आमचा कढीलिंब तिच्यावरच पोसला आहे.

बाकी जुन्याचे नवे करणे आपल्या बायकांना कुणी शिकवायला नको. विटक्या साड्यांची गोधडी, उशीच्या अभ्र्याची बाजाराची पिशवी, बोहारणीशी तासभर हुज्जत घालून मिळवलेले पातेले! फक्त साठवणे म्हणजे वापरणे, असा आपला एक गोड गैरसमज असतो. माझ्याकडे जॅमच्या एकतीस रिकाम्या बाटल्या निघाल्या. सहा ठेवल्या, पंचवीस मावशींना दिल्या. मागल्या दिवाळीपासून जिला हात लागला नाही ती वस्तू, ज्याला हवी त्याला द्यायची, असा ठराव आमच्या घरात झाला आहे. सासूबाई तटस्थ राहिल्या.

यंदा माळा काढला तेव्हा दारात भंगारवालाही बोलावला होता. पितळी कुलपे काट्यावर चढली, तशा सासूबाई खुर्ची पुढे ओढून काटा नीट पाहू लागल्या. भाव पटला. दोन कुलपे गेली. तिसरे त्यांनी हळूच पदराखाली घेतले. त्याची किल्ली सापडेल, अशी त्यांना अजून आशा आहे.