हिरवे पाणी म्हणजे नासलेले पाणी नव्हे

जयपूरच्या झालाना भागात राजस्थान राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचे मुख्यालय आहे. सांडपाण्याच्या तलावातून बाहेर पडणारे पाणी नियमात बसते की नाही, हे अशा मंडळांकडचे आकडे सांगतात. लहान गावात मात्र निवाडा रंगावरून होतो. पाणी हिरवे दिसले की लोक म्हणतात, तलाव नासला. मोटार नाही, पंखे नाहीत, म्हणून नगरपालिका समजते की याला देखभाल लागत नाही. दोन्ही समज चुकीचे आहेत आणि दोन्हींचे मूळ एकच: इथले यंत्र म्हणजे शेवाळ, हे कुणी समजावून सांगत नाही. मैला खाणाऱ्या जीवाणूंना लागणारा प्राणवायू उन्हात हे शेवाळच पुरवते. भर दुपारी ते पाण्यातला कार्बन डायऑक्साइड इतका ओढून घेते की पीएच 9 च्या वर जातो आणि आतड्यातले बरेचसे जंतू त्यात टिकत नाहीत. गर्द हिरवा तलाव निरोगी असतो. काळजी करावी ती गुलाबी-जांभळी झाक दिसली तर, कारण ती गंधकावर जगणाऱ्या जीवाणूंची असते आणि बहुधा भार झेपेनासा झाल्याची खूण असते.

तलावाला भार किती झेपेल, हे जागेवर अवलंबून आहे. आपल्याकडच्या मार्गदर्शक कोष्टकात 20 उत्तर अक्षांशाजवळ हेक्टरी रोज 250 किलो बीओडी (मैला कुजवायला जीवाणूंना लागणारा प्राणवायू) धरतात, 28 जवळ 200. म्हणजे नागपूरचे गणित उचलून जयपूरला लावले, तर तलाव लहान पडेल. या शास्त्राचा भारतातला पाया नागपूरच्याच संस्थेने घातला; पुढे 'नीरी' झालेल्या त्या संस्थेची या तलावांवरची पुस्तिका 1970 ची आहे.

यंत्र फुकट चालते, मग माणूस कशाला, असा प्रश्न येतो. ऊन पाण्यात उतरले पाहिजे म्हणून. तवंग जाळीने ओढून काढला नाही, तर शेवाळ अंधारात मरते आणि दुर्गंधी सुटते. डास होतात ते बांधालगतच्या गवतात, वाऱ्याने हलणाऱ्या उघड्या पाण्यात सहसा नाही. म्हणून कडा कापायच्या. तलावांच्या रांगेतल्या पहिल्या, खोल तलावाचा एक तृतीयांश भाग गाळाने भरला की तो उपसायचा. गाळ जागा खातो, पाणी लवकर बाहेर पडते आणि कृमींच्या अंड्यांना तळाशी बसायला वेळ मिळत नाही. तेच पाणी भाजीच्या मळ्यात जाते, म्हणून हे काम टाळणे मला अक्षम्य वाटते.

जागा फार लागते, हा आक्षेप खरा आहे. महानगराला हे परवडणार नाही. बाहेर पडणाऱ्या शेवाळाने बीओडी वाढतो, हेही खरे. पण शेवाळ म्हणजे कच्चा मैला नव्हे. युरोपीय संघाच्या 1991 च्या निर्देशात अशा तलावांचे नमुने गाळून तपासायची मुभा आहे, मात्र न गाळलेल्या पाण्यातल्या तरंगत्या घनपदार्थांना लिटरमागे 150 मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. आपल्याकडे निदान नमुन्यावर वेळ तरी लिहिली जावी: पहाटे प्राणवायू जवळजवळ संपलेला असतो, दुपारी तोच भरभरून असतो.