सीड प्लॉटवरचा प्रश्न, एम.ए.चा विषय

पदवीनंतरच्या वाटा : भाग सहावा

जालना जिल्ह्यातल्या जाफराबाद तालुक्याची हद्द संपली की बुलढाणा जिल्हा लागतो. आज एसटीने चिखलीमार्गे बुलढाण्याला जाताना ही हद्द कधी मागे पडली ते कळतही नाही. १८८२ साली मात्र अलीकडे निजामाचे राज्य होते आणि पलीकडे इंग्रजांच्या ताब्यातला वऱ्हाड. त्या वर्षी बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे छोटेखानी पुस्तक पुण्यात छापून निघाले. निमित्त सुरतेच्या एका खटल्याचे होते. विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा सुनावली गेली, पुढे ती कमी करून हद्दपारीवर आली आणि वर्तमानपत्रांतून समस्त बायकांच्या नीतीवर ताशेरे झडू लागले. त्यावर ताराबाईंनी सरळ विचारले की, जे दोष बाईच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत काय?

पुस्तकावर टीकेची झोड उठली. जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. नंतर हे पुस्तक विस्मरणात गेले, ते थेट १९७५ मध्ये स. गं. माळशे यांनी पुन्हा प्रसिद्ध करेपर्यंत. आज स्त्री अभ्यास किंवा लिंगभाव अभ्यासात एम.ए. करणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला ताराबाईंना टाळून पुढे जाता येत नाही. जाफराबादची महाविद्यालये ज्या विद्यापीठाच्या कक्षेत येतात, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातल्या स्त्री अभ्यास केंद्रालाही ताराबाईंचेच नाव आहे.

हा विषय दिल्ली-मुंबईकडच्यांचा, इंग्रजी बोलणाऱ्यांचा, अशी एक समजूत तालुक्याच्या गावात घट्ट बसली आहे. ती चुकीची आहे. एवढेच नव्हे, तर तिच्यामुळे हुशार मुलींचे आणि मुलांचे नुकसान होते आहे.

विद्यापीठात हा विषय कसा आला, ते थोडक्यात. १९७४ च्या अखेरीस ‘समानतेकडे’ हा स्त्रियांच्या स्थितीवरचा राष्ट्रीय समितीचा अहवाल सरकारला सादर झाला आणि स्वातंत्र्यानंतर बायकांचे सगळे आपोआप सुधारत चालले आहे हा भ्रम फुटला. त्याच वर्षी मुंबईच्या एसएनडीटी विद्यापीठात नीरा देसाई यांच्या पुढाकाराने स्त्रियांविषयीच्या संशोधनाचा विभाग उभा राहिला. स्त्री अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद १९८१ मध्ये तिथेच भरली. पुणे विद्यापीठाचे केंद्र १९८७ चे. विद्युत भागवत आणि पुढे शर्मिला रेगे यांनी ते नावारूपाला आणले. जात बाजूला ठेवून या देशात बाईचा प्रश्न कळणार नाही, हे रेगे यांनी वर्गात आणि पुस्तकांत इतके ठामपणे मांडले की, त्यानंतर अभ्यासक्रमाची घडीच बदलली. ज्ञानोदयात १८५५ मध्ये छापलेला मुक्ता साळवेचा निबंध आणि बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ आता केवळ साहित्य म्हणून वाचले जात नाही, समाजशास्त्राचा दस्तऐवज म्हणूनही वाचले जाते.

पण दोन वर्षे नेमके शिकायचे काय? त्यासाठी जाफराबाद, भोकरदन, देऊळगाव राजा या पट्ट्यातल्या शेडनेटमध्ये डोकावावे. जालना हे बियाण्यांचे गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी महिकोची स्थापना १९६४ मध्ये इथेच केली. या भागातले अनेक शेतकरी कंपन्यांसाठी मिरची, टोमॅटोसारख्या पिकांचे संकरित बियाणे तयार करून देतात. त्यातले सगळ्यात नाजूक काम म्हणजे क्रॉसिंग. मादी झाडावरची, अजून न उमललेली पण उमलायच्या बेतात आलेली कळी शोधायची. चिमट्याने तिच्यातले पुंकेसर अलगद काढून टाकायचे, कुक्षीला धक्का लागू द्यायचा नाही. मग नर झाडाचे पराग वेळ साधून तिच्यावर लावायचे आणि खुणेसाठी दोरा बांधायचा. हे एका झाडावर अनेकदा आणि प्लॉटभर शेकडो झाडांवर. कळी सुटली आणि स्वपरागीकरण झाले, तर बियाणे शुद्धतेच्या चाचणीत नापास होते.

हे काम बहुतांशी बायका करतात. “बायकांची बोटं नाजूक असतात,” असे त्याचे कारण सहज सांगितले जाते. लिंगभावाचा अभ्यासक इथेच थांबून वही काढतो. बोटे नाजूक आहेत म्हणून काम बायकांकडे आले की मजुरी कमी द्यावी लागते म्हणून? या कौशल्याला कुशल कामाचा दर मिळतो का? कंपनीशी करार कोणाच्या नावावर होतो, पैसे कोणाच्या खात्यात जमा होतात? बियाणे नापास झाले तर त्याचा तोटा घरात कोणाच्या वाट्याला येतो? हंगामात शाळेतून गैरहजर कोण राहते, मुलगा की मुलगी? आणि सातबाऱ्यावर नाव कोणाचे? २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातल्या वहितीधारकांत स्त्रिया फक्त सुमारे १४ टक्के होत्या. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे प्रचंड अधिवेशन घेतले आणि पुढे लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत बायकांच्या नावे जमीन करून देण्याचे आवाहन केले. त्या मोहिमेचे मराठवाड्यातल्या एखाद्या गावात पुढे काय झाले, यावर एक चांगला प्रबंध सहज उभा राहील.

प्रश्न सुचणे ही सुरुवात झाली. ते तपासायचे कसे, हे एम.ए.त शिकवतात. मुलाखत कशी घ्यायची, सर्वेक्षणात घरातल्या बाईचे उत्तर नवऱ्याकडून येत असेल तर काय करायचे, सरकारी आकडे कसे वाचायचे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात असल्याचे आढळले. घरकाम करणाऱ्या पुरुषांची सरासरी ९७ मिनिटे होती. मुळात घरकामाला हात लावणारे पुरुषच जेमतेम चौथा हिस्सा. ही मिनिटे कोणी मोजली नसती तर धोरणाच्या कागदावर ती आलीच नसती. मौखिक इतिहासाचा वस्तुपाठ मराठीतच आहे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना शोधून काढून, त्यांच्या आठवणी टिपून ‘आम्हीही इतिहास घडवला’ लिहिले.

मुलग्यांनीही हा विषय घ्यावा. पुरुषपण कसे घडते, त्याची किंमत पुरुष स्वतः कशी मोजतात, हाही त्याचा गाभा आहे. मुंबईत १९९३ पासून ‘मावा’ ही संस्था तरुणांबरोबर हेच काम करते आहे. तृतीयपंथीयांच्या हक्कांचा २०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकालही अभ्यासाचा भाग असतो.

आता व्यवहाराचे. या अभ्यासक्रमांना साधारणपणे कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो. पुण्याचे सावित्रीबाई फुले विद्यापीठ आणि मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था ही ठळक ठिकाणे. घर सोडता येत नाही, अशांसाठी इग्नूचे दूरशिक्षणातले एम.ए. आहे. मराठवाडा विद्यापीठाच्या केंद्रात चालू वर्षी कोणते अभ्यासक्रम आहेत, ते प्रवेशाआधी माहितीपत्रकात नीट पाहावे. नोकरीबद्दल खोटी आशा दाखवू नये. प्राध्यापकाच्या कायम जागा थोड्या आहेत, आणि पंचवार्षिक योजना बंद झाल्यावर २०१७ मध्ये अनेक केंद्रांच्या निधीवरच टांगती तलवार आली होती. पण उमेद हे ग्रामीण जीवनोन्नती अभियान, महिला आर्थिक विकास महामंडळ (माविम), ग्रामीण आरोग्याचे प्रकल्प, स्वयंसेवी संस्था, पत्रकारिता या ठिकाणी अशी माणसे लागतात. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती आणि तिच्यावर बाहेरचा एक जाणकार सदस्य सक्तीचा केला आहे. तालुक्याच्या गावात असा जाणकार शोधायला गेले तर किती सापडतील?

२०११ च्या जनगणनेत जालना जिल्ह्यात पुरुषांची साक्षरता ८१ टक्क्यांपुढे होती आणि स्त्रियांची ६१ च्या आसपास. म्हणून जाफराबादच्या प्राध्यापकांना आणि पालकांना एक विनंती. पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींना एकदा विद्यापीठातले स्त्री अभ्यास केंद्र दाखवून आणा. तिथल्या अध्यापकांना भेटू द्या, ग्रंथालयात तासभर बसू द्या. मग मुलगी पुढे शिकते म्हणाली, तर तिला वसतिगृहाचा अर्ज भरायला मदत करा.